मुंबई बेटावरची औषधी बाग

मालवणी सोलकढीला रंग आणि आंबटपणा देणाऱ्या रातांब्याला गोव्यात भिरंड म्हणतात. गोव्यातच १५६३ साली छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात या फळाची नोंद याच नावाच्या पोर्तुगीज रूपाने आढळते. ग्रंथकर्ते होते वैद्य गार्सिया द ऑर्ता.

ऑर्ता यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या आईवडिलांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले होते. सालामांका आणि अल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. १५३४ साली ते गोव्यात आले. तेथे त्यांनी वैद्यकी केली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही ते उपचार करीत.

पुढे मुंबईचे बेट त्यांना भाडेपट्ट्याने मिळाले. तेव्हाची मुंबई म्हणजे कोळीवाडे, माडांच्या बागा आणि भातखाचरे. तेथे त्यांनी वाडा बांधला, भोवती बाग फुलवली. वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड त्या बागेत होते. गोव्यातील घरीही ते औषधी झाडे लावीत.

या बागांमागे एक शास्त्रीय भूमिका होती. त्या काळी ग्रीक आणि अरबी ग्रंथांतील विधान अंतिम मानले जाई. ऑर्ता मात्र वनस्पती स्वतः पाहून, स्थानिक वैद्य, हकीम आणि व्यापाऱ्यांना विचारून खात्री करून घेत. त्यांचा ग्रंथ दोन वैद्यांच्या संवादांच्या रूपात आहे. धोतऱ्याची बाधा, हिंगाचे उपयोग आणि पटकीची लक्षणे त्यात तपशिलाने येतात. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ साली त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि ही माहिती युरोपभर गेली.

ऑर्ता १५६८ साली गोव्यात वारले. ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला धर्मन्यायालयाने जिवंत जाळले. १५८० साली ऑर्ता यांच्या अस्थीही थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या.

कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या शास्त्रीय नावाचा संबंध अनेकदा ऑर्ता यांच्याशी जोडला जातो. प्रत्यक्षात ते लॉरेंट गार्सिन या अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासकावरून पडले. मुंबईतील वाड्याच्या जागी पुढे इंग्रजांचा किल्ला झाला. पणजीतील नगर उद्यान मात्र गार्सिया द ऑर्ता यांच्याच नावाने ओळखले जाते.