चित्रकार व्हिस्लर आणि त्यांचा निळा संग्रह

मनुष्याच्या अंगी एखादा छंद असावा, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. छंदाने रिकामा वेळ सत्कारणी लागतो आणि दृष्टीला वळण लागते. परंतु छंद, मान आणि पैसा यांची सांगड ज्याला घालता येत नाही, त्याच्यावर कोणता प्रसंग ओढवतो, हेही जाणून घेणे अगत्याचे आहे. या दृष्टीने जगद्विख्यात चित्रकार जेम्स मॅकनील व्हिस्लर यांचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे, विशेषतः तरुण मंडळींपुढे, ठेवावे असे आम्हांस वाटले.

व्हिस्लर यांचा जन्म 10 जुलै 1834 रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतातील लोवेल या गावी झाला. वडील रेल्वेचे नामांकित अभियंते असून रशियाच्या झारने त्यांना सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को या लोहमार्गाच्या कामासाठी पाचारण केले होते. त्यामुळे मुलाचे बालपण काही वर्षे रशियात गेले. 1849 मध्ये वडील निवर्तले आणि कुटुंब स्वदेशी परतले. पुढे वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात रसायनशास्त्राने दगा दिल्यामुळे 1854 मध्ये त्यांना ते विद्यालय सोडावे लागले. तथापि चित्रकलेचे वेड कायम होते. 1855 मध्ये ते पॅरिसला गेले आणि 1859 पासून त्यांनी लंडन ही आपली कर्मभूमी केली.

व्हिक्टोरिया राणीच्या त्या अमदानीत लंडनच्या रसिकांना जुन्या निळ्यापांढऱ्या चिनी भांड्यांनी मोहिनी घातली होती. लोणच्याच्या बरणीमुळे चिनी माती आपल्या घरोघरी परिचित आहे. परंतु ही भांडी फार नाजूक. पांढऱ्या शुभ्र मातीच्या कच्च्या भांड्यावर कोबाल्ट धातूच्या रंगाने कुंचल्याने चित्र काढावयाचे, त्यावर झिलईचा हात द्यावयाचा आणि मग ते प्रखर भट्टीत भाजावयाचे. त्यामुळे निळा रंग झिलईखाली कायमचा बंदिस्त होतो. कांग्शी बादशहाच्या काळातील, म्हणजे 1661 ते 1722 मधील, भांड्यांना विशेष मान असे.

व्हिस्लर यांनी पॅरिसहून व हॉलंडमधून अशी भांडी जमविली. त्यांच्याजवळच चेल्सी भागात राहणारे कवी व चित्रकार रोझेटी यांनाही तोच नाद असल्याने दोघांत चढाओढ लागे. व्हिस्लर यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी भांडी केवळ कपाटात मांडली नाहीत, तर त्यांपासून विद्या घेतली. 1864 मध्ये त्यांनी निळ्या भांड्यांच्या गराड्यात बसून एक भांडे रंगविणारी स्त्री चित्रित केली. सर हेन्री थॉम्प्सन या शस्त्रवैद्यांच्या संग्रहाची सूची 1878 मध्ये निघाली, तिच्यातील बहुतेक चित्रे व्हिस्लर यांच्याच हातची आहेत.

याच निळाईने पुढे कलहाचे बीज पेरले. लिव्हरपूलचे जहाजमालक फ्रेडरिक लेलँड यांनी आपल्या लंडनच्या घरातील भोजनगृहात चिनी भांडी मांडण्यासाठी अक्रोडी लाकडाच्या फळ्या बसवून घेतल्या होत्या. किरकोळ रंगकामासाठी बोलावलेल्या व्हिस्लर यांनी 1876 मध्ये मालकाच्या अनुपस्थितीत भिंती, छत, सारेच निळ्या व सोनेरी मोरांनी भरून टाकले. मोबदला मागितला दोन हजार गिनी. लेलँड यांनी दिले एक हजार पौंड. गिनी एकवीस शिलिंगांची, पौंड वीस शिलिंगांचा. कलावंतांचा हिशेब गिनीत, कारागिरांचा पौंडात, अशी तेथील रीत. रक्कम निम्मी झाली याहून तो एक शिलिंग व्हिस्लर यांना अधिक झोंबला. त्यांनी भिंतीवर दोन भांडणारे मोर काढले, एकाच्या पायाशी नाणी विखुरली आणि आपल्या आश्रयदात्याशी कायमचे वैर घेतले.

इतक्यात 1877 मध्ये रस्किन या विख्यात टीकाकारांनी त्यांच्या रात्रीच्या आतषबाजीच्या चित्रावर अत्यंत कठोर टीका केली. व्हिस्लर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर 1878 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. भरपाई किती? एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग! खर्चही ज्याचा त्याने सोसावा असे ठरले. उधळपट्टीने आधीच कर्ज वाढलेले, त्यात नव्या घराचे बांधकाम. मे 1879 मध्ये दिवाळे जाहीर झाले; धनकोंमध्ये लेलँडही होतेच. घर विकले गेले आणि फेब्रुवारी 1880 मध्ये जिवापाड जपलेली निळी भांडी लिलावात परक्यांच्या हाती गेली.

दाव्यात जिंकून घर गमावलेली कुटुंबे आम्ही आमच्या अध्यापनाच्या काळात गावोगाव पाहिली आहेत. बांधावरच्या एका झाडासाठी दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. हुकूमनामा हाती येतो तेव्हा शेत सावकाराकडे गेलेले असते. मान राखू नये असे आमचे म्हणणे नाही. मानाची किंमत कोण भरणार, हे आधी पाहावे एवढेच सांगणे.

परंतु व्हिस्लर यांचे खरे मोठेपण पुढेच दिसते. पंचेचाळिशी उलटलेला हा निष्कांचन मनुष्य बारा ताम्रपटांच्या कामगिरीवर व्हेनिसला गेला, तेथे वर्षाहून अधिक काळ राबला आणि सुमारे पन्नास ताम्रपट व शंभर रंगखडूची चित्रे घेऊन परतला. गेलेला लौकिक पुन्हा मिळाला. 1891 मध्ये फ्रान्स सरकारने त्यांनी काढलेले मातोश्रींचे चित्र विकत घेतले. त्यांनी निळी भांडी पुनश्च जमविली. ती आज ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रही आहेत. 17 जुलै 1903 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

ते मयूरगृह 1904 मध्ये चार्ल्स फ्रीअर या अमेरिकन संग्राहकांनी विकत घेऊन पुढे राष्ट्राला अर्पण केले. आज ते वॉशिंग्टन येथे आहे, आणि भांडणारे ते दोन मोरही भिंतीवर तसेच आहेत. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याही वंशाकडे ती वास्तू राहिली नाही. राहिली ती हातची विद्या. लिलावात भांडी जातात, विद्या जात नाही. आपल्या मुलाबाळांच्या हाती ती द्यावी, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.