तिसाव्या वर्षी धुळाक्षरे

फादर स्टीफन्स हे नाव आपण सगळ्यांनी परीक्षेपुरते पाठ केले होते. परदेशी पाद्री, ‘ख्रिस्तपुराण’, सन 1616, मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या. एवढे लिहिले की गुण मिळत. मराठीच्या बाईंनी मात्र एकदा वर्गाला विचारले होते, की हा माणूस जहाजातून उतरला त्या दिवशी त्याला मराठीचा एक तरी शब्द येत होता का, आणि मग त्याला शिकवले कोणी? आपण हसलो, घंटा झाली, प्रश्न तिथेच राहिला.

पुढे एकोणतिसाव्या वर्षी मी नोकरीसाठी जर्मनीला गेलो. बेकरीत बोट दाखवून पाव मागत होतो आणि मागे उभी असलेली पाच वर्षांची पोर घडाघडा बोलत होती. त्या क्षणी बाई आठवल्या. तेव्हापासून स्टीफन्स यांच्याविषयी मिळेल ते वाचत आलो. त्यातले थोडे या स्मरणिकेच्या निमित्ताने तुम्हा मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवतो.

टॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक पंथ उघडपणे पाळणे धोक्याचे होते. टॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राचा नोकर असल्याचे सोंग घेऊन ते काही काळ हिंडले. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले, पण निघण्याआधीच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाले.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा गोव्याकडे निघाला, त्यात ते होते. प्रवास साडेसहा महिन्यांचा. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि जहाजे उन्हात खोळंबली. पुढे हिरड्या सुजू लागल्या, पाय सुजले, दीडशेहून जास्त माणसे आजारी पडली आणि 27 दगावली. इतर सफरींच्या मानाने हा आकडा कमीच समजला गेला. आधी ओळखीचे पक्षी दिसले, मग पाण्यावर तरंगणाऱ्या ताडामाडाच्या फांद्या, मग पोहणारे साप, तेव्हा हिंदुस्थान जवळ आल्याचे खलाशांनी ओळखले. 24 ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागले. तीन आठवड्यांच्या आत, 10 नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. घरापासून दूर गेलेला कोणताही मुलगा लिहितो तसेच ते आहे: प्रवास कसा झाला, इथली माणसे कशी दिसतात, प्यायला काय मिळते.

पुढच्या वर्षी त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि लवकरच मांडवीकाठचे शहर मागे पडून साष्टी हा त्यांचा मुलूख झाला. जेझुइटांचा दिवस घंटेवर चाले. पहाटे ध्यान, मग मिसा, ठरल्या वेळच्या प्रार्थना आणि दिवसातून दोनदा आपल्याच वागण्याचा हिशेब. उरलेला वेळ गावाचा. मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, बाप्तिस्मा द्यायचा, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, कबुलीजबाब ऐकायचा. यातले कोणतेही काम भाषेवाचून होत नाही. मरणाऱ्या माणसाचे शेवटचे बोलणे दुभाष्यामार्फत कसे ऐकणार?

म्हणून तिशीतला हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. घरोघरी कोकणी बोलली जाई, तर पुराणांची भाषा मराठी. दोन्ही शिकणे आले. कोकणीचे नियम त्यांनी टिपून ठेवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये ते व्याकरण छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण. 1583 मध्ये भावाला लिहिताना, इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षणही त्यांनी नोंदवले. चार वर्षांत त्यांचा कान इतका तयार झाला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती गोव्यात कैदेत पडले. चौघेही इंग्रज. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनी धडपड केली. धर्मासाठी सोडलेल्या देशाची बोली तुरुंगाच्या दाराशी ऐकताना त्यांना काय वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

पण हे चित्र एवढेच रंगवले तर ते खोटे ठरेल. साष्टीतली देवळे 1567 मध्ये पोर्तुगिजांनी पाडली होती. जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीला लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले, आणि नंतर पोर्तुगिजांनी तिथल्या गावप्रमुखांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. स्टीफन्स या सत्तेच्या छायेतच राहत होते आणि त्यांचे कामही तिच्याच आधाराने चालत होते. ज्यांच्या पोथ्या हिरावल्या गेल्या, त्यांच्याकडूनच ते पोथीची भाषा शिकले.

‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी याचीच खूण सापडते. साष्टीत मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण पाद्रीला विनवतो, की जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही द्या. त्या मागणीला दिलेले उत्तर म्हणजे जवळजवळ अकरा हजार ओव्या. आपल्या लिपीचे खिळे पाडावेत असे त्यांच्या मनात होते. 1608 मध्ये त्यांनी रोमला तसे लिहिलेही. अडचण अशी, की जोडाक्षरे धरून खिळे शेकड्यांनी लागत. अखेर 1616 मध्ये राशोलला ग्रंथ छापला तो रोमी लिपीत. मराठीला रत्नाची, फुलाची, पक्ष्याची उपमा देणाऱ्या त्या ओळखीच्या ओव्या मुळात परक्या अक्षरांत छापलेल्या होत्या.

1619 मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. चाळीस वर्षांत ते इंग्लंडला परतले नाहीत. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक बोलीच सोडून देण्याचे फर्मान काढले. भाषेवर जीव लावणाऱ्या पाद्रीच्या मागे पासष्ट वर्षांनी हे घडले.

मी जर्मन शिकलो ती शेजारच्या आजींकडून. त्यांनी माझी प्रत्येक चूक न हसता दुरुस्त केली. बाईंच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तिथे मिळाले. स्टीफन्स यांना मराठी दिली ती साष्टीच्या माणसांनी. त्यांच्या जिभेवरचे शब्द त्या अकरा हजार ओव्यांत आहेत, आणि मुखपृष्ठावर नाव एकाचेच आहे. शिकवणाऱ्यांचे बहुधा असेच होते. बाई, या मेळाव्याला तुम्ही येणार असल्याचे कळले. उत्तर द्यायला चाळीस वर्षे लागली, एवढा उशीर माफ करा.