भिडू, बोली आणि कल्बर्टसन

हॉस्टेलवर मेंढीकोट खेळताना काय काय चालतं ते कुणाला सांगायला नको. कान खाजवला की इस्पिक, कॉलर झटकली की मेंढी आपल्याकडे... थोड्याच वेळात समोरच्या जोडीलाही ते कळतं, मग भांडण, मग चहा. भिडूला आपल्या हातातलं सांगावंसं वाटणं ही जोडीच्या खेळातली मूळ खाज आहे. काँट्रॅक्ट ब्रिजनं हीच खाज कायदेशीर केली. तिथं इशारे बंद, बोलायचं ते फक्त बोलीतून. बोलीचा अर्थ भिडूशी आधी ठरवायचा आणि समोरच्यांनी विचारलं तर त्यांनाही सांगायचा! बोलीची ही भाषा ज्यानं घराघरात नेली त्या एली कल्बर्टसनची ही गोष्ट.

ब्रिज न येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चौघं खेळाडू, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी १३ पत्ते. आधी बोली लागते, हुकूम कोणता आणि आपण किती हात करणार याची. सहा हात गृहीत धरलेले असतात, म्हणजे एकची बोली लावली की सात हात करायचे. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकूम असे पाच प्रकार, प्रत्येकाच्या सात पायऱ्या. एकूण ३५ बोल्या, शिवाय पास, डबल आणि रिडबल. संपला शब्दकोश! एवढ्यात १३ पत्त्यांचं वर्णन करायचं, आणि वर गेलं की खाली उतरता येत नाही. कम्युनिकेशनचा पेपर दिलेल्यांना हे गणित ओळखीचं वाटेल.

आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली कमी लावूनही जास्त हात झाले तर ते गेमसाठी मोजले जायचे. १९२५ साली रेल्वेवाल्या घराण्यातल्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनं ‘फिनलंड’ नावाच्या जहाजावरच्या प्रवासात नवीन गुणपद्धत बसवली. जेवढी बोली लावाल तेवढ्याचेच गुण गेमसाठी धरायचे. इस्पिकात दहा हात होत असतील तर चारची बोली लावलीच पाहिजे. तीनवर थांबलात तर गेम हुकला, पाचवर गेलात तर दंड. म्हणजे पत्ते खेळण्याआधीच निम्मी लढाई बोलीत संपू लागली. ही भाषा लोकांना शिकवायला कुणीतरी हवं होतं.

एली कल्बर्टसनचा जन्म २२ जुलै १८९१ चा, रुमानियातला. वडील आपल्याच जातकुळीतले म्हणजे इंजिनिअर! अमेरिकन खाणतज्ज्ञ अल्मन कल्बर्टसन. आई रशियन, कोसॅक घराण्यातली. बालपण कॉकेशसच्या तेलक्षेत्रात गेलं, शिक्षण पॅरिस आणि जिनिव्हात. तरुणपणी आपण क्रांतिकारकांत होतो, तुरुंगात गेलो, मेक्सिकोत संपात उतरलो असं त्यानं आत्मचरित्रात रंगवून सांगितलंय. त्यातलं खरं किती आणि मीठमसाला किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. माणूस स्वतःचा डंका स्वतः वाजवणारा. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ म्हणताना आपल्या आवाजात जो ठसका येतो, तो याच्या अंगात जन्मजात होता.

१९१७ च्या रशियन क्रांतीत घरची संपत्ती गेली. त्यानंतरची काही वर्षं त्यानं युरोपात पत्त्यांवर पोट भरलं. १९२१ मध्ये तो अमेरिकेत आला. न्यूयॉर्कमध्ये जोसेफिन डिलन ही ब्रिजची नावाजलेली शिक्षिका होती. नाव तिचं होतं, याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. १९२३ मध्ये दोघांनी लग्न केलं. टेबलावर ती शांत डोक्याची, हा नाटकी. अशा जोड्या आपल्या विंगमध्येही सापडतील.

काँट्रॅक्ट ब्रिज पसरू लागला तसं कल्बर्टसननं ओळखलं की यात पद्धत विकली जाणार. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्यानं ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिक सुरू केलं. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीट कोसळलं. पण मंदीत लोकांना स्वस्त करमणूक हवी होती, चार माणसं आणि एक कॅट एवढ्यात संध्याकाळ निघायची. १९३० मध्ये त्याचं ‘ब्लू बुक’ आलं आणि धडाक्यात खपलं.

पुस्तकात काय होतं? पहिली गोष्ट म्हणजे पत्त्यांचं मोजमाप. एक्का-राजा एकाच रंगाचे असले की दोन ‘ऑनर ट्रिक’, एक्का-राणी दीड, नुसता एक्का एक, राजा-राणी एक. साधारण अडीच असल्याशिवाय बोली उघडायची नाही. एका डावात अशा सगळ्या मिळून आठच्या आसपास असतात. म्हणजे माझ्याकडे साडेतीन, भिडूनं बोलीतून अडीच सांगितल्या, तर समोर दोनच उरल्या. वजाबाकीनं न दिसणारे पत्ते दिसायला लागतात! दुसरी गोष्ट म्हणजे ‘फोर्सिंग’ बोली. एखाद्या रंगात दोननं सुरुवात केली की भिडूच्या हातात सगळा कचरा असला तरी त्यानं गेम होईपर्यंत पास म्हणायचं नाही. कमजोरी सांगायला दोन बिनहुकूम ही बोली राखून ठेवलेली. मला वाटतं, कल्बर्टसनचं खरं काम हे आहे. ऑनर ट्रिक पुढे गेल्या, पण भिडू मधेच सोडून जाणार नाही ही हमी टिकली. ती हमी असली की माणूस घाई न करता हळूहळू बोलू शकतो.

हमी नसली की काय होतं याचं भयंकर उदाहरण त्याच सुमारास घडलं. २९ सप्टेंबर १९२९ ला कॅन्सस सिटीत बेनेट नावाचं जोडपं शेजाऱ्यांशी ब्रिज खेळत होतं. नवऱ्यानं एक इस्पिक म्हटलं, बायकोनं चारवर नेलं, हात कमी पडले. वादावादी झाली, त्यानं तिला मारलं आणि तिनं पिस्तूल आणून त्याला गोळी घातली. तो मेला. १९३१ मध्ये ती निर्दोष सुटली. त्या डावाचे म्हणून नंतर छापलेले पत्ते खरे की रचलेले याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. कल्बर्टसननं मात्र या प्रकरणाचा आपल्या प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. धंदेवाईकपणा होता, त्यात सभ्यपणा नव्हता.

त्याचं यश जुन्या जाणत्यांना खुपलं. १९३१ मध्ये बारा तज्ज्ञांनी एकत्र येऊन आपली ‘ऑफिशियल’ पद्धत काढली. कल्बर्टसननं त्यांच्यातल्या सिडनी लेन्झला जाहीर आव्हान दिलं. १५० रबर खेळायचे, आपले ५००० डॉलर विरुद्ध त्याचे १०००, पैसे धर्मादायाला. ७ डिसेंबर १९३१ ला न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलात सामना सुरू झाला आणि पुढे वॉल्डॉर्फ-अस्टोरियात गेला. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातम्या! पंच होता लेफ्टनंट आल्फ्रेड ग्रंथर, वेस्ट पॉइंटला रसायनशास्त्र शिकवणारा. पुढे तो नाटोचा सरसेनापती झाला.

लेन्झचा भिडू ओस्वाल्ड जेकबी, तिशीच्या आतला, विलक्षण बुद्धीचा. खेळाडू म्हणून हे दोघं कल्बर्टसन दांपत्यापेक्षा उणे नव्हते, कदाचित सरसच. पण जेकबीला ‘सायकिक’ बोल्यांची हौस, म्हणजे हातात नसलेलं बोलून समोरच्यांना चकवायचं. त्यात समोरच्यांआधी लेन्झच चकायला लागला! कल्बर्टसन उशिरा यायचा, एकेका पत्त्यावर विचार करत बसायचा, लेन्झ आणखी चिडायचा. १०३ रबरनंतर, एका डावातल्या बचावावरून लेन्झनं सगळ्यांदेखत दोष दिला आणि जेकबी उठून गेला. उरलेला सामना नौदलातला कमांडर लिगेट लेन्झचा भिडू म्हणून खेळला. कल्बर्टसनकडूनही भिडू बदलत होते, जोसेफिन स्वतः ८८ रबर खेळली. पण कुणीही बसलं तरी बोलीचा अर्थ तोच राहायचा. जानेवारी १९३२ मध्ये ८७९ डावांनंतर कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकला. एक्के-राजे दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच आले होते. फरक फार मोठा नव्हता, नशिबाचाही भाग होता, पण लोकांच्या लेखी निकाल लागला.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं राज्य त्याचंच. १९३७ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मात्र पॉल स्टर्नच्या ऑस्ट्रियन संघानं त्याच्या संघाला हरवलं. त्यांची एक किलवरची बोली किलवर दाखवतच नव्हती, तिचा अर्थ त्यांनी निराळाच ठरवलेला होता. करार जितका नीट तितकी बोली मोकळी, हे कल्बर्टसनचंच सूत्र त्याच्यावर उलटलं. १९३८ मध्ये जोसेफिन आणि तो वेगळे झाले. घर मोडलं, धंद्यातली भागीदारी चालू राहिली.

एक गंमत सांगायलाच हवी. चार बिनहुकूम म्हटलं की किमान तीन एक्के, किंवा दोन एक्के आणि आपल्या बोलीतल्या रंगाचा राजा हातात आहे, असा कल्बर्टसनचा नियम होता. इंडियानापोलिसच्या ईझली ब्लॅकवुडनं सोपं केलं. चार बिनहुकूम म्हणजे फक्त प्रश्न, तुझ्याकडे एक्के किती? ‘ब्रिज वर्ल्ड’नं त्याचा लेख छापला नाही. आज जगभर ब्लॅकवुडचाच प्रश्न विचारतात. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक ही चार्ल्स गोरेननं लोकप्रिय केलेली मोजणीही शेवटी कल्बर्टसनला स्वीकारावी लागली.

पण तोवर त्याचं मन ब्रिजवरून उडालं होतं. दुसऱ्या महायुद्धात त्यानं राष्ट्रांच्या करारांचा नाद घेतला. प्रत्येक देशानं ठरलेल्या प्रमाणात सैन्य द्यायचं आणि आंतरराष्ट्रीय दल उभारायचं, अशी योजना मांडली. १९४३ मध्ये त्यावर ‘टोटल पीस’ हे पुस्तक लिहिलं. भिडू दोनाऐवजी पन्नास झाले की बोली जुळवणं किती अवघड जातं, ते त्याला इथं कळलं असावं. योजना कागदावरच राहिली.

२७ डिसेंबर १९५५ रोजी व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो इथं तो वारला. तीन महिन्यांच्या आत, मार्च १९५६ मध्ये, जोसेफिनही गेली. १९६४ मध्ये ब्रिजच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पहिल्या तिघांत त्याचं नाव लागलं, व्हँडरबिल्ट आणि गोरेनसोबत. जोसेफिनचं नाव तिथं लागायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.