नात्यांचा नकाशा रेखणाऱ्या इरावतीबाई

ब्रह्मदेशातील मिंजान येथे १५ डिसेंबर १९०५ रोजी करमरकरांच्या घरी कन्या जन्मली आणि तिला तेथील महानदीचे नाव देण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी ही इरावती शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत आली. रँग्लर परांजपे यांच्या घरी ती मुलीसारखी वाढली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर तिने मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी तिचा विवाह झाला.

१९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला निघाल्या, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांचा त्यास विरोध होता. स्वतः जर्मनीत शिकून आलेले पती मात्र पाठीशी उभे राहिले. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंत इतरांपेक्षा अधिक असमानता असते आणि ती त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता आढळली, पण तिचा वंशाशी संबंध आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले. गुरूने पदवी दिली ती कमी श्रेणीची. हेच फिशर पुढे १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या विचारांचा आधार नाझींच्या वंशधोरणाला मिळाला. एका परदेशी विद्यार्थिनीच्या त्या निष्कर्षामागील धैर्य यावरून ध्यानात यावे.

१९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी झाली. मोजमापाची साधने घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. शरीरमापनावरचा त्यांचा भर आज कालबाह्य वाटतो. त्यांचे टिकाऊ काम नात्यांविषयीचे आहे. १९५३ च्या भारतीय आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी घरी द्यायची. रक्ताचे नाते विवाहात निषिद्ध. दक्षिणेत मामाची किंवा आत्याची मुलगी हे उत्तम स्थळ, काही समाजांत तर मामा-भाचीचा विवाहही संमत. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर. येथे मामेबहीण चालते, आतेबहीण बहुतेक जातींत चालत नाही. मामाच्या घरी सून म्हणून कोणी जात नाही, आत्याच्या घरी जाते. सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणण्याची जुनी रीत याच व्यवस्थेशी जुळते. बेळगाव-धारवाडकडे सोयरीक जुळवताना मराठी आणि कानडी घरांतील रीतींचा जो फरक जाणवतो, त्याचे शास्त्रीय उत्तर या ग्रंथात सापडते. एकाला जे पाप वाटते ते शेजाऱ्याला कर्तव्य वाटावे, याचे त्यांना नवल वाटत नसे. त्या प्रत्येक रीतीमागील व्यवस्था शोधत.

जातींविषयीही त्यांनी वेगळे सांगितले. मूळचा एकसंध समाज फुटून जाती झाल्या, हे त्यांना मान्य नव्हते. महाराष्ट्रातील कुंभारांचाच दाखला त्यांनी घेतला: कोणी मोठ्या चाकावर काम करणारे, कोणी लहान, आणि परस्परांत बेटीव्यवहार नाही. एक धंदा म्हणजे एक मूळ, असे नव्हे; वेगवेगळे समूह जवळ येऊन, आपापले वेगळेपण राखून, एका चौकटीत बसले.

या तटस्थ अभ्यासिकेला अस्वस्थ करणारा अनुभव पंढरीच्या वाटेवर आला. दिंडीबरोबर चालताना अभंग सर्वांच्या मुखी होते, पंगती मात्र ब्राह्मणांच्या वेगळ्या आणि मराठ्यांच्या वेगळ्या. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी हे दुःख लपवले नाही. शास्त्रज्ञ म्हणून भेदाची नोंद करणे आणि माणूस म्हणून तो सोसणे, या दोन गोष्टी त्यांच्या लेखनात शेजारी शेजारी राहिल्या. त्यांचा मेळ घालण्याची घाई त्यांनी केली नाही.

१९६७ मध्ये आलेल्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्या घरोघरी पोहोचल्या. महाभारतातील देवत्वाचे लेप उतरवून कुंती, गांधारी, द्रौपदी यांना त्यांनी कुळांच्या आणि सोयरिकीच्या जाळ्यात उभे केले. खांडववनाच्या दहनात त्यांना पराक्रम नव्हे, तर तेथील रहिवाशांचा संहार दिसला. त्याच सुमारास, कोयना धरणाने उठवलेल्या गावांची पाहणी त्या करीत होत्या. विस्थापितांवरील तो अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.