नेव्हिल डिसोझा : मेलबर्नमधील चार गोल

पेले, मॅराडोना यांची नावे आपल्या धर्मग्रामांतील मुलांना तोंडपाठ असतात. त्यांच्या गोलांची संख्याही ही मुले अचूक सांगतात. परंतु ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत मुंबईच्या एका खेळाडूचे नाव आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाव म्हणजे नेव्हिल डिसोझा. या लेखात त्यांच्या कारकिर्दीचा परिचय करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचा खेळ मुंबईत घडला. त्यांचे बंधू डेरेक डिसोझा हेही पुढे भारतीय संघातून खेळले. त्या काळी आपल्या देशात फुटबॉल हा पूर्णवेळ व्यवसाय नव्हता. मुंबईतील मोठ्या कंपन्या आपापले संघ बाळगीत आणि चांगल्या खेळाडूंना नोकरी देत. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी मैदान, असा या खेळाडूंचा दिनक्रम असे. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून आणि पुढे कॅलटेक्सच्या संघाकडून खेळले. १९५४ साली मुंबईने संतोष करंडक जिंकला, त्या संघातही ते होते.

त्यांच्या पराक्रमाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला होता. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळणे बंधनकारक केले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने खेळाची पद्धत बदलली. १९५६ साली मेलबर्नला गेलेल्या संघाचे प्रशिक्षक रहीम होते, कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी, आणि आघाडीच्या फळीत मध्यभागी होते मुंबईचे नेव्हिल डिसोझा. विविध प्रांतांचे आणि धर्मांचे हे तरुण एकदिलाने खेळले, ही गोष्ट आम्हांस त्या संघाच्या यशाइतकीच मोलाची वाटते.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी पडणार होती. परंतु हंगेरीने स्पर्धेतून माघार घेतल्यामुळे भारताला पुढची चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि मॉरो यांनी मध्यंतरापूर्वी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिल यांनी तिसरा गोल नोंदविला. अखेरीस जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांच्या गोलाने भारताचा ४-२ असा विजय निश्चित झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. हा विजय केवळ दैवाचा कौल नव्हता. त्याच महिन्यात सिडनी येथे झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरविले.

४ डिसेंबर रोजी उपांत्य सामन्यात समोर उभा होता तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोल पत्करणारा भारत आघाडीवर गेला. ती आघाडी काही मिनिटेच टिकली. पुढील पंधरा-एक मिनिटांत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले, चौथा स्वयंगोल झाला, आणि भारत ४-१ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाने भारतावर ३-० अशी मात केली. भारत चौथा आला.

नेव्हिल यांच्या नावावर चार गोल लागले. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव यांचेही तितकेच गोल झाल्याने तिघे संयुक्तपणे अव्वल ठरले. त्या दोघांच्या संघांना पदके मिळाली. नेव्हिल मात्र रिकाम्या हाताने परतले.

त्यानंतर ते पुन्हा मुंबईच्या मैदानांवर रमले. १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकावर १९५८ साली कॅलटेक्सने आपले नाव कोरले, तो त्यांच्या क्लब कारकिर्दीतील मोठा क्षण होय. १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात ते नव्हते. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शासनाने १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू केला. मेलबर्नच्या त्या संघातील पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम आणि पीटर थंगराज यांना तो लाभला. ते निःसंशय त्यास पात्र होते. नेव्हिल यांना मात्र तो मिळाला नाही. त्या काळी भारतीय फुटबॉलचे केंद्र कलकत्ता होते. तेथील वृत्तपत्रे आणि तेथील प्रेक्षक खेळाडूला मोठे करीत. मुंबईतच राहिलेल्या खेळाडूच्या वाट्याला ते भाग्य आले नाही, असे आम्हांस वाटते. २०२४ साली रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा या संघाची आठवण पुन्हा निघाली, ही समाधानाची बाब आहे.

१९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही आणि मेलबर्नचे चौथे स्थान आजही आपली ऑलिंपिकमधील सर्वोच्च कामगिरी आहे. राहून गेलेला पुरस्कार देणे आपल्या हाती नाही. परंतु आपल्या गावांत, धर्मग्रामांत दरवर्षी फुटबॉलच्या स्पर्धा होतात. त्यांतील एखाद्या चषकाला नेव्हिल डिसोझा यांचे नाव देणे आणि ते कोण होते हे बक्षीस समारंभात मुलांना सांगणे, एवढे आपण निश्चितच करू शकतो. आयोजकांनी याचा जरूर विचार करावा, अशी आमची विनंती आहे.