एका डावाचे पुनरागमन

बारामती किंवा इंदापूरच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलाच्या कानावर विजय मर्चंट हे नाव बहुधा प्रथम पडते ते करंडकाचे नाव म्हणून. सोळा वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा मर्चंट यांच्या नावाने खेळवली जाते. पुणे जिल्ह्यातील मुलांना त्यासाठी महाराष्ट्राच्या संघात जागा मिळवावी लागते आणि पुढे रणजी करंडकापर्यंत जाण्याची ती पहिली मोठी पायरी ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी सामना झाला आणि ही वाट तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली. करंडकावरचे नाव मात्र ओळखीचे असले, तरी त्यामागचा माणूस नव्या पिढीला फारसा परिचित नाही. पाच वर्षे कसोटी क्रिकेटपासून दूर राहून, चाळिशी ओलांडल्यावर मर्चंट परतले, शतक झळकावले आणि त्याच सामन्यातल्या दुखापतीने कायमचे थांबले. त्या पुनरागमनाची आणि त्यानंतरच्या छत्तीस वर्षांची ही कहाणी आहे.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत झाला. घराणे गिरणीमालक ठाकरसींचे. शाळेत नाव विचारणाऱ्या इंग्रज शिक्षकांचा नाव आणि घरचा व्यवसाय यांत घोटाळा झाला आणि ठाकरसींचे मर्चंट झाले, असे सांगितले जाते. ते नाव त्यांना कायमचे चिकटले. घरी सुबत्ता होती, पण फलंदाजी घडली ती कष्टाने. उंची बेताची, पदन्यास अचूक, चेंडू अगदी शेवटच्या क्षणापर्यंत पाहण्याची सवय आणि त्यातून येणारा नाजूक लेट कट. मुंबईच्या फलंदाजीला पुढे जी शिस्तीची परंपरा लाभली, तिच्या मुळाशी मर्चंट यांचे नाव घेतले जाते.

भारताचा पहिला कसोटी संघ १९३२ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा मर्चंट त्यात नव्हते. सविनय कायदेभंगाच्या त्या काळात महात्मा गांधी आणि इतर नेते तुरुंगात होते. अशा वेळी इंग्लंडला खेळायला जाणे मर्चंट यांना पटले नाही. एल. पी. जय यांच्यासारख्या हिंदू जिमखान्याच्या खेळाडूंनीही तीच भूमिका घेतली. विशीतल्या फलंदाजासाठी हा त्याग लहान नव्हता. पुढे १९३३ च्या डिसेंबरमध्ये मुंबई जिमखान्यावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला आणि त्यात मर्चंट यांनी पदार्पण केले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डला त्यांनी मुश्ताक अलींबरोबर २०३ धावांची सलामी दिली. मुश्ताक यांच्या ११२, मर्चंट यांच्या ११४. त्या दौऱ्यातील कामगिरीमुळे विस्डेनने त्यांची वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंत निवड केली.

फलंदाज पंचविशीत असतो तेव्हा त्याच्यापुढे दहा वर्षांचा बहर असतो. मर्चंट यांच्या वाट्याला त्या दहा वर्षांत एकही कसोटी आली नाही. आधी भारतासाठी मालिकाच नव्हती आणि मग दुसरे महायुद्ध आले. ही सारी वर्षे त्यांनी देशातल्या सामन्यांत धावांच्या राशी रचल्या. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना त्या काळी प्रचंड गर्दी लोटत असे. तिथे मर्चंट आणि विजय हजारे यांची चढाओढ हा शहराच्या चर्चेचा विषय होता. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल द रेस्ट संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजारे यांनी ३०९ केल्या. त्याच मोसमात महाराष्ट्राविरुद्धच्या रणजी सामन्यात मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावांची खेळी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ती त्यांची सर्वोच्च धावसंख्या ठरली.

मुंबईच्या ७३५ धावांच्या त्या डावात महाराष्ट्राचा विशीतला एक लेगस्पिनर ७५ हून अधिक षटके टाकत राहिला आणि त्याने १८६ धावांत ५ गडी बाद केले. त्याचे नाव सदू शिंदे. आठ वर्षांनी दिल्लीत, मर्चंट यांच्या अखेरच्या कसोटीत, हाच शिंदे त्यांच्या संघात असणार होता.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला गेला. मर्चंट उपकर्णधार होते आणि वय पस्तिशीकडे झुकले होते. ओल्या, थंड उन्हाळ्यात त्यांनी दौऱ्यावर २३८५ धावा केल्या. ओव्हल कसोटीत १२८ धावांवर ते धावबाद झाले. फुटबॉलपटूही असलेल्या डेनिस कॉम्प्टन यांनी पायाने मारलेला चेंडू यष्ट्यांवर आदळला होता. मर्चंट यांचे कसोटीतले ते दुसरे शतक. पहिल्या शतकानंतर त्याला दहा वर्षे लागली होती.

यानंतर शरीराने साथ सोडायला सुरुवात केली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून मर्चंट यांची निवड झाली होती. स्वतंत्र भारताचा तो पहिला परदेश दौरा होता आणि समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ होता. प्रकृती खालावल्याने मर्चंट जाऊ शकले नाहीत. कर्णधारपद लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. कसोटीत भारताचे नेतृत्व करण्याची संधी मर्चंट यांना पुन्हा कधीच मिळाली नाही. पुढच्या मोसमात वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, तेव्हाही ते कसोटी खेळण्याच्या स्थितीत नव्हते. प्रथम श्रेणीत दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत सरासरीच्या बाबतीत ब्रॅडमन यांच्यानंतर मर्चंट यांचे नाव येते. पण हे दोघे कसोटीच्या मैदानावर कधी समोरासमोर आले नाहीत. सदतिसाव्या, अडतिसाव्या वर्षी अशा रीतीने बाहेर राहिलेला फलंदाज परत येईल, अशी अपेक्षा सहसा कोणी धरत नाही.

मर्चंट परतले ते नोव्हेंबर १९५१ मध्ये. इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतली पहिली कसोटी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर २ नोव्हेंबरला सुरू झाली. मर्चंट यांना चाळीस वर्षे पूर्ण होऊन एकवीस दिवस झाले होते. ओव्हलच्या त्या कसोटीला पाच वर्षे लोटली होती. भारताचे कर्णधार होते विजय हजारे, म्हणजे पंचरंगी सामन्यांतले त्यांचे जुने प्रतिस्पर्धी.

पहिला दिवस सदू शिंदे यांचा ठरला. त्यांनी ९१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २०३ धावांत आटोपला. मग मर्चंट सलामीला उतरले. पाच वर्षांच्या खंडानंतर पहिली परीक्षा असते ती पायांची आणि नजरेची. मर्चंट यांची फलंदाजी पहिल्यापासूनच ताकदीपेक्षा अचूकतेवर उभी होती आणि या वयात तीच त्यांच्या कामी आली. तिसऱ्या जोडीसाठी मर्चंट आणि हजारे यांनी २११ धावांची भर घातली. एकमेकांचे विक्रम मोडण्यात ज्यांची उमेद गेली, ते दोघे आता एकाच धावफलकासाठी झुंजत होते. मर्चंट १५४ धावा करून बाद झाले. कसोटीतली त्यांची ती सर्वोच्च खेळी. हजारे १६४ धावांवर नाबाद राहिले आणि जुन्या चढाओढीतला शेवटचा आकडाही त्यांच्याच नावावर लागला. भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला.

विजय हातात येईल असे वाटत होते, पण तो आला नाही. दुसऱ्या डावात शिंदे यांच्या गोलंदाजीवर झेल सुटले आणि ॲलन वॉटकिन्स यांनी चिवटपणे नाबाद १३७ धावा करून इंग्लंडला वाचवले. सामना अनिर्णित राहिला. शिंदे यांना पुढे जेमतेम सात कसोटींपर्यंतच मजल मारता आली. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या प्रतिभा यांचा विवाह पुढे बारामतीचे शरद पवार यांच्याशी झाला. मुंबई क्रिकेट असोसिएशनपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेपर्यंत अध्यक्षपदे भूषवणाऱ्या पवार यांच्या घराशी कोटलावरच्या त्या सामन्याचे नाते असे जुळलेले आहे.

मर्चंट यांच्यासाठी तो सामना वेगळ्याच कारणाने अखेरचा ठरला. क्षेत्ररक्षण करताना चेंडू अडवण्यासाठी त्यांनी सूर मारला आणि खांद्याला जबर दुखापत झाली. खांदा दुखावला की फलंदाजाचे नुसते फेकणेच थांबत नाही. बॅट वर नेणे, कट आणि हूक मारताना दोन्ही हात मोकळे सोडणे, हे सारे त्या एका सांध्यावर अवलंबून असते. दुर्बिणीतून होणारी खांद्याची शस्त्रक्रिया, संघासोबत फिरणारे फिजिओथेरपिस्ट, महिनोन्‌महिने चालणारे पुनर्वसन, या आजच्या सोयी तेव्हाच्या खेळाडूच्या कल्पनेतही नव्हत्या. चाळिसाव्या वर्षी मर्चंट यांनी निवृत्ती स्वीकारली. पुढच्या फेब्रुवारीत मद्रासला याच इंग्लंड संघाला नमवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. मर्चंट त्या संघात नव्हते. अठरा वर्षांत त्यांच्या वाट्याला दहा कसोटी आल्या, सगळ्या इंग्लंडविरुद्ध, आणि त्यांतली एकही भारताने जिंकली नाही. धावा ८५९, सरासरी ४७.७२. रणजी स्पर्धेत त्यांची सरासरी ९८.७५ होती, हे लक्षात घेतले म्हणजे काय हुकले याचा अंदाज येतो.

शतक काढूनच थांबलेल्या खेळाडूला कटुतेने ग्रासावे, असे यात बरेच काही होते. मर्चंट यांनी मात्र खेळाशी नाते तोडले नाही. आकाशवाणीवर त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. विविध भारतीवरील त्यांच्या क्रिकेटविषयक कार्यक्रमाची रविवारी दुपारी अनेक घरांत वाट पाहिली जात असे. निवड समितीच्या अध्यक्षपदी आल्यावर त्यांनी तरुणांना संधी देण्याचा आग्रह धरला. १९६९ मध्ये गुंडप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर, मोहिंदर अमरनाथ असे नवे चेहरे भारतीय संघात आले ते याच धोरणातून. स्वतःची उमेदीची दहा वर्षे कसोटीविना गेलेल्या माणसाने तरुणांना ताटकळत ठेवायचे नाही असे ठरवावे, हे त्यांच्या आयुष्याशी सुसंगतच होते.

याच धोरणाने त्यांना एका अवघड निर्णयापर्यंत आणले. मन्सूर अली खान पतौडी यांनी १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली होती. सहा महिन्यांच्या आत, त्याच कोटला मैदानावर, त्यांनी कसोटी पदार्पण केले आणि पुढच्याच महिन्यात मद्रासला १०३ धावा केल्या. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारातून परतले, तेव्हा एकवीस वर्षांच्या पतौडींवर नेतृत्वाची जबाबदारी आली. कॉन्ट्रॅक्टर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पुन्हा उतरले, पण कसोटीत नाही. दुखापतीवर मात करून परतण्याचे पतौडींइतके मोठे उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये क्वचितच सापडेल. जानेवारी १९७१ मध्ये त्याच पतौडींच्या जागी अजित वाडेकर यांना कर्णधार करण्याचा निर्णय मर्चंट यांच्या निर्णायक मताने झाला. त्यावर टीकेचे मोहोळ उठले. परंतु त्याच वर्षी वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. पतौडीही पुढे संघात परतले आणि १९७४-७५ मध्ये पुन्हा कर्णधार झाले. पुनरागमनाचे मोल ठाऊक असलेल्या मर्चंट यांनी संघ निवडताना गतकाळाच्या पुण्याईला भाव दिला नाही. या निर्णयाची चर्चा त्यांच्या निधनानंतरही थांबलेली नाही.

क्रिकेटबाहेरचे त्यांचे काम फारसे गाजले नाही. अंध आणि अपंगांच्या प्रश्नांसाठी त्यांनी अनेक वर्षे वेळ आणि पैसा दिला. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या मुंबईस्थित संस्थेच्या कामात ते आघाडीवर होते. अपंगांना दयेची नव्हे तर रोजगाराची गरज आहे, ही त्यांची धारणा होती आणि घरच्या गिरण्यांत अशा माणसांना कामावर घेऊन त्यांनी ती कृतीत आणली. ज्याच्या शरीराने ऐन भरात दोनदा दगा दिला, त्याला हाताला काम मिळण्याचा अर्थ अधिक जवळून कळला असावा.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत विजय मर्चंट यांचे निधन झाले. वयाची शहात्तर वर्षे पूर्ण होऊन पंधरवडाच झाला होता. कसोटी शतक करणारा सर्वांत वयस्कर भारतीय, हा त्यांचा विक्रम सात दशके उलटूनही अबाधित आहे. आज तो मोडण्याची शक्यताही कमीच, कारण चाळिसाव्या वर्षी पाच वर्षांचा खंड पडलेल्या फलंदाजासाठी संघाचे दार उघडे राहील, असा हा काळ नाही. त्यांच्या नावाच्या करंडकासाठी बारामती-इंदापूरकडची जी मुले धडपडतात, ती पंधरा-सोळा वर्षांची असतात. त्यांतल्या कुणाचा खांदा दुखावेल, कुणाचा गुडघा, कुणाची निवड हुकेल. त्यांच्यासाठी मर्चंट यांच्या कसोटी शतकांची ओळ पाहण्याजोगी आहे: १९३६ मध्ये ११४, १९४६ मध्ये १२८, १९५१ मध्ये १५४. शतकांमध्ये वर्षे गेली, पण प्रत्येक वेळी धावा आधीपेक्षा अधिक झाल्या.