औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि व त्यांचें चित्रमंदिर

साताऱ्याहून रहिमतपुरावरून पूर्वेस गेलें म्हणजे औंध लागतें. गांव लहान, पाऊस बेताचा, भोंवतीं उघडे डोंगर. टेकडीवर यमाईचें देऊळ आहे व त्याच टेकडीच्या उतारावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालयाची इमारत आहे. राजा रविवर्म्याच्या हातचीं तैलचित्रें, पहाडी शैलीचीं लहान चित्रें, हस्तिदंताचें व चंदनाचें कोरीव काम, युरोपांतील नामांकित चित्रांच्या प्रतिकृति, इतकेंच नव्हे तर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व बालक हें शिल्प, असा हा ठेवा आहे. तो मुंबई-पुण्यास न राहतां या आडगांवीं कसा आला, असें नवख्या माणसास वाटल्यावांचून राहत नाहीं. ज्या पुरुषामुळें तो आला, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजीं झाला. किन्हईच्या परशुराम त्रिंबकांनीं छत्रपतींच्या सेवेंत प्रतिनिधिपद मिळविलें, त्यांच्या कुळांतले हे. पुण्यास डेक्कन कॉलेजांत शिकून ते बी. ए. झाले, कायद्याचाही त्यांनीं अभ्यास केला, व १९०९ मध्यें ते गादीवर बसले.

संस्थान तें केवढें? सुमारें पांचशें चौरस मैल, गांवें बहात्तर, आणि तींही एकसंध नव्हेत. औंध व किन्हई साताऱ्याकडे; कुंडल व आटपाडी आज ज्यास सांगली जिल्हा म्हणतात त्यांत (१९४९ मध्यें तो दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला, सांगली हें नांव त्यास १९६० मध्यें मिळालें); आणि गुणदाळ तर थेट विजापुराकडे. आटपाडी हा नेहमींचा अवर्षणाचा मुलूख. अशा संस्थानच्या धन्यानें चित्रांवर द्रव्य खर्चावें काय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो आम्हांस अगदींच पोकळ वाटत नाहीं. परंतु आक्षेप घेणारानें बाळासाहेबांची दुसरी बाजूही पहावी. बेळगांवाहून उठावें लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्यें कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर माळजमीन व दहा हजार रुपये बिनव्याजी त्यांनींच दिले. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली व नांगरांचा कारखाना उभा राहिला. यंत्र काय आणि चित्र काय, नवें कांहीं उभें करणारा मनुष्य दिसला कीं त्याला हात द्यावा, हा त्यांचा स्वभावच होता.

ते स्वतः कीर्तन करीत. सूर्यनमस्कारांचा तर त्यांस ध्यास होता. संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे होते, आणि थंडीच्या पहांटे कांहीं विद्यार्थ्यांस राजेसाहेबांचा हा उत्साह जड गेला असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं.

चित्रकला मात्र त्यांनीं केवळ आश्रयदाता म्हणून जवळ केली नाहीं. कुंचला स्वतःच्या हातीं धरला. १९१६ मध्यें त्यांचें चित्ररामायण निघालें. १९१८ मध्यें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेस महाभारताच्या सचित्र व संशोधित आवृत्तीसाठीं त्यांनीं एक लक्ष रुपये देऊं केले, व तीसाठीं चित्रेंही काढलीं. चित्रकार म्हणून ते रविवर्म्याच्या पंक्तीस बसत नाहींत. त्यांच्या पात्रांच्या अंगीं पुष्कळदां ताठरपणा येतो. पण पाहण्याची त्यांची हौस मोठी व चिकाटीची. वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनीं अनुक्रमें १९२९ व १९३२ मध्यें सचित्र पुस्तकें प्रसिद्ध केलीं. ज्यांस तेथवर जाणें घडणार नव्हतें, त्यांच्यापुढें तीं लेणीं त्यांनीं घरबसल्या आणून ठेविलीं.

याच वृत्तीचें फळ म्हणजे १९३८ मधील संग्रहालय. राजवाड्याच्या दिवाणखान्यांत हीं चित्रें राहतीं तर पाहुण्यांखेरीज तीं कोणाच्या दृष्टीस पडतीं? तीं देवीच्या वाटेवर आणिलीं, म्हणजे पौषांत यात्रेस येणारा शेतकरीही तीं पाहूं लागला. आमच्या मतें बाळासाहेबांच्या साऱ्या कर्तृत्वाचें मर्म याच निवडींत आहे.

कारण त्याच सुमारास त्यांनीं आपली सत्ताही अशीच वाड्याबाहेर काढिली. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब व पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनीं प्रजेस संपूर्ण स्वराज्य देण्याची कल्पना मांडली. महात्मा गांधींनीं घटनेचा आराखडा दिला, आणि राजानें दहा वर्षें साधेपणानें, मर्यादित खर्चांत रहावें अशी अट घातली. सत्तरी गांठलेल्या राजानें ती मान्य केली. २१ जानेवारी १९३९ रोजीं ती घटना अमलांत आली व गांवोगांवच्या पंचायतींकडे कारभार गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें त्याच वर्षीं कैद्यांची भिंतीविना वसाहत झाली. माडगूळचे ग. दि. माडगूळकर औंधास शिकलेले. या वसाहतीवरून स्फुरलेल्या, १९५७ मधील दो आंखें बारह हाथ या चित्रपटाची कथा त्यांचीच.

८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. मुगुट गेला म्हणून हळहळ करण्याजोगें त्यांच्यापाशीं फारसें उरलेंच नव्हतें. तें त्यांनीं नऊ वर्षें आधीं देऊन टाकिलें होतें. १३ एप्रिल १९५१ रोजीं ते निवर्तले. महाभारताची संशोधित आवृत्ति पुरी झालेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. तें काम १९६६ मध्यें संपलें.

संग्रहालय आतां महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. कोणी साताऱ्याकडे गेल्यास अर्धा दिवस राखून औंधास जावें, व रविवर्म्याचीं चित्रें पाहून झाल्यावर मूरच्या त्या आईपुढें थोडें थांबावें. शिल्प आकारानें लहान आहे, त्यामुळें घाईंत तें नजरेंतून सुटतें.